गाडी नसताना काचा पुसण्याचा धंदा : लातूरचा माझा अनुभव

आमच्या घरात एक मोटारसायकल आहे, पण ती सकाळी सातला नवऱ्याबरोबर एमआयडीसीतल्या डाळमिलला जाते आणि रात्रीच दिसते. चारचाकीचा प्रश्नच नाही. तरी 2024 मध्ये मी लातुरात दुकानांच्या, क्लासेसच्या आणि दवाखान्यांच्या काचा पुसून द्यायचं काम सुरू केलं आणि ते टिकलंय. बचत गटातल्या बायका विचारतात, कागदं काय लागली, पैसे किती घातले, गाडीशिवाय जमतं का. प्रत्येकीला अर्धं-अर्धं सांगण्यापेक्षा एकदा सगळं ओळीनं लिहून ठेवते.

आधी मी एका दवाखान्यात कंत्राटदारामार्फत हाऊसकीपिंगला होते, साडेआठ हजारांवर. तिथं ओपीडीची सगळी पार्टिशनं काचेची. पुण्याहून आलेल्या एका सुपरवायझरबाईंनी आम्हाला काच पुसायला शिकवलं होतं, तेही वर्तमानपत्रानं नाही, रबरी पट्टीनं. जानेवारीच्या शेवटी कंत्राट बदललं, नव्या माणसाला कमी बायका हव्या होत्या आणि माझं नाव गळालं. हातात ही एकच कला होती, जी लातुरात फार कुणाला येत नव्हती.

सगळ्यांनी पहिला सल्ला दिला तो स्कूटी घ्यायचा. हिशेब केला, तर आधी पंधरा-वीस हजार भरायचे आणि मग महिन्याला अडीच-तीन हजारांचा हप्ता. धंदा उभा राहायच्या आधीच हप्ता दारात उभा. मुलीची जुनी सायकल घरात होती, ती शाळेला बसनं जायला लागल्यापासून पडूनच होती. तीच घ्यायची ठरवली.

फेब्रुवारीत मी काहीच विकत घेतलं नाही, नुसती पायी फिरले. वहीत लिहीत गेले : कुठल्या दुकानाला काच, किती पल्ले, शटर किती वाजता उघडतं, सध्या कोण पुसतं. गंजगोलाईतून सोळा रस्ते निघतात, पण तिथल्या जुन्या पेठेत काचा कमी आणि फळ्या-शटरं जास्त. मेन रोड आणि शिवाजी चौकाकडे कपड्यांची, चष्म्यांची, मोबाइलची दुकानं. उद्योग भवनाच्या बाजूचा ट्यूशन एरिया मात्र जवळजवळ सगळाच काचेचा. लातूर पॅटर्नचं नाव महाराष्ट्रभर आहे. त्या पॅटर्नच्या दरवाज्यांवर रोज हजारो पोरांचे हात लागतात हे मला वही घेऊन उभी राहिल्यावर कळलं.

त्या वहीतून एक गोष्ट पक्की झाली. सायकलवर काम करायचं तर गिऱ्हाईक चांगलं की वाईट यापेक्षा ते कुणाच्या शेजारी आहे हे महत्त्वाचं. लांबचं एक दुकान म्हणजे जवळची तीन गेली. म्हणून मी घरापासून सायकलनं दहा-बारा मिनिटांचा टापू आखून घेतला आणि ठरवलं की एक दुकान मिळालं की त्याच्या डाव्या-उजव्या हाताला विचारायचं, रस्ता ओलांडायचा नाही.

आता कागदांचं. उद्यम म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, ती फुकट असते, हे आधी डोक्यात घ्या. सरकारी साइटवर आधार आणि पॅन टाकून घरच्या घरी होते. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या खाजगी साइट आहेत, त्या हजार-दोन हजार मागतात. पत्ता 'डॉट गव्ह डॉट इन'नं संपतो का ते बघा. मी भरायला बसले, आधारचा ओटीपी आला आणि पुढच्याच पानावर गाडी अडली, कारण माझ्या पॅनवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. किती बायकांचं असं असेल! नाव जुळल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही.

पॅनवरचं नाव बदलायला लग्नाचा दाखला जोडायचा, आणि आमच्या लग्नाची नोंदच नव्हती. लग्न 2009 सालचं, औसा तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या गावात झालेलं. तिथं विवाह निबंधक म्हणजे ग्रामसेवकच. त्यांच्याकडे दोन गावं, आपल्या गावात ते ठरल्या दिवशीच बसायचे. आधी फोन करून जावं हा धडा तिथल्या शिपायानंच दिला. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, 2023 च्या मार्चपासून, म्हणून हेलपाटे परवडले. नोंदणीच्या अर्जाला आम्हा दोघांचे फोटो, वयाचे पुरावे, लग्नपत्रिका, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. पत्रिका आईनं ट्रंकेत जपून ठेवली होती. भटजीकाका आता ऐंशीच्या घरात. चष्मा शोधला, अर्ज पूर्ण वाचला, मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "पंधरा वर्षं झाली की गं. आत्ता कशाला पाहिजे दाखला? भांडण-बिंडण नाही ना?" काचा पुसायच्या धंद्याला लागतोय म्हटल्यावर त्यांना ते काही पटलं नाही, पण सही दिली. मार्चच्या मध्यात दाखला हातात पडला.

पॅन दुरुस्तीची फी 107 रुपये. नवं कार्ड पोस्टानं यायला तीन आठवड्यांच्या आसपास गेले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उद्यम पुन्हा भरलं आणि चहा गार व्हायच्या आत झालं. कामाचा प्रकार निवडताना 'सेवा' निवडायची. कोडच्या यादीत इमारतींची सर्वसाधारण सफाई 8121 मध्ये येते आणि खिडक्या-काचांसारखी खास सफाई 8129 मध्ये. मी दुसरं घेतलं.

त्यानंतर शॉप ॲक्ट, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या कायद्याखालची नोंद. 2017 च्या कायद्यानं दहापेक्षा कमी माणसं असली तर पूर्ण नोंदणी लागत नव्हती, नुसती सूचना द्यायची, आणि तीही धंदा सुरू केल्यापासून साठ दिवसांच्या आत. मी भरलं तेव्हा ऑनलाइन खर्च अगदी किरकोळ होता. ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रवाल्यानं स्वतःची मजुरी म्हणून पाचशे सांगितले, ते मी दोनशेवर आणले. मराठीत नाव लिहिलेल्या पाटीचा फोटो मागतात. दुकान नसलं तरी पाटी हवी. मी घराच्या दारावर छोटा फ्लेक्स लावला, शेजारच्या काकू दोन दिवस त्यासमोर उभ्या राहून वाचत होत्या. जीएसटीचा प्रश्न आला नाही, सेवेच्या धंद्याला वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असली तर नोंदणी सक्तीची नाही. एका क्लासच्या मॅनेजरनं जीएसटी बिल मागितलं होतं, त्यांना उद्यमचा कागद आणि साधं छापील बिल दिलं, चाललं.

पैशांसाठी बँकेत गेले. मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळतं, तारण लागत नाही, हे मला माहीत होतं. एका बँकेतल्या साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि कोटेशन आणायला सांगितलं. पट्ट्या, दांडे, बादली यांचं कोटेशन बघून ते म्हणाले, "मॅडम, यात फायनान्स करण्यासारखं काय आहे? त्यापेक्षा टू-व्हीलरचं कोटेशन आणा, ते लगेच करू." मी खूप वेळ हसले, अर्थात बाहेर येऊन. फाइल तिथंच राहिली. बचत गटाच्या बैठकीत मात्र त्याच आठवड्यात दहा हजार मिळाले, शेकडा दोन रुपये व्याजानं, दहा हप्त्यांत फेडायचे.

सामानाला पुरे साडेचार हजारही लागले नाहीत. चौदा इंची रबरी पट्टीचा हँडल, ज्याला इथं सगळे काचेचा वायपर म्हणतात, साडेसहाशे. साबणपाणी लावायचा टी-दांडा आणि त्यावरची कापडी बाही पाचशेच्या आत. दोन तुकड्यांत उघडणारा लांब दांडा अठराशे. पातं बसवायचं खरवडणं, रबराच्या जादा पट्ट्या, मायक्रोफायबरची फडकी. लातुरातल्या हार्डवेअरच्या दुकानांत फरशीचेच वायपर मिळाले, त्यामुळे हे सगळं ऑनलाइन मागवलं. बादली गोल घेऊ नका, चौदा इंची दांडा तिच्यात आडवा बुडत नाही. भांड्यांच्या दुकानात आयताकृती टब मिळतो, तो घ्या. सायकलच्या कॅरिअरला वेल्डरकडून दोन्ही बाजूंना लोखंडी चौकटी लावून घेतल्या, चारशे रुपये. त्यांत पाच-पाच लिटरचे दोन कॅन बसतात. वजन दोन्हीकडे सारखं हवं, एकच कॅन लावला की सायकल त्या बाजूला ओढते. लांब दांडा मधल्या नळीला दोरीनं बांधायचा, टब पालथा घालून मागं. स्टँड मात्र दुहेरीच, एका पायाच्या स्टँडवर भरलेली सायकल उभी राहत नाही.

पाणी स्वतःचं न्यायचं हे मी मुद्दाम ठरवलं. लातूरकराला पाण्याबद्दल काही सांगायला नको. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते अजून कुणी विसरलेलं नाही. दुकानदाराचा पहिला प्रश्न हाच, "पाणी आमचं लागेल का?" नाही म्हटलं की अर्धा सौदा तिथंच होतो. बाही भिजवून लावायची पद्धत असल्यामुळे दोन पल्ल्यांच्या दुकानाला एक-दीड लिटर पुरतं.

दुसरं कारण खाऱ्या पाण्याचं. बोअरचं पाणी काचेवर वाळलं की पांढरे ठिपके राहतात, कितीही पुसा. म्हणून मी शुद्ध पाण्याच्या प्लँटवरून कॅन भरते. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब, बस. जास्त घातलं की रबर घसरतं आणि रेघा उठतात.

एप्रिलच्या शेवटी पहिलं दुकान मिळालं, साड्यांचं. शेठ म्हणाले, "ताई, आमचा पोरगा पेपरनं पुसतो की रोज."

"पुसू द्या शेठ. मी हा एकच पल्ला पुसते, पैसे नका देऊ. ऊन आलं की दोन्ही पल्ले बगा."

काच आधी कोरड्या फडक्यानं झाडली, नाहीतर धुळीचा चिखल होतो. मग बाहीनं वरून खाली पाणी लावलं. रबराची कड पुसून वरच्या कोपऱ्यात टेकवली आणि हात न उचलता डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, वळणं घेत खालपर्यंत आणली. खाली साठलेलं पाणी फडक्यात घेतलं, चारी कडांवरून कोरड्या फडक्यात गुंडाळलेलं बोट फिरवलं. मिनिटभराचं काम. साडेदहाला ऊन समोरून आलं आणि पेपरनं पुसलेल्या पल्ल्यावर गोल-गोल फराटे दिसायला लागले. शेठ काही बोलले नाहीत, पोराला हाक मारून दाखवलं. महिन्यातून चारदा पुसायचं, महिन्याचे पाचशे रुपये, असं ठरलं. शेजारचं चष्म्याचं दुकान दुसऱ्या आठवड्यात.

मग लक्षात आलं की सगळ्यांना एकच वेळ हवी असते. काच शटरच्या आत, शटर साडेनऊ-दहाला उघडणार, पूजा झाली की गिऱ्हाईक यायच्या आत काच चकचकीत पाहिजे. सकाळी सहाला जाऊन उपयोग नाही. यावर तोडगा ट्यूशन एरियानं दिला, कारण क्लास पहाटेच उघडतात. म्हणून माझा दिवस असा बसला : साडेसहा ते साडेआठ क्लासेस, साडेनऊ ते साडेअकरा दुकानं, आणि दुपारी दोनला ओपीडी संपली की दवाखान्यांची आतली पार्टिशनं. मे महिन्यात बाहेरची काच दुपारी पुसायच्या फंदात पडूच नका. काच इतकी तापते की पाणी लावेपर्यंत वाळतं.

त्याच महिन्यात कूलरच्या काचांची कामं आली. खिडकीत कूलर, त्यातून उडणाऱ्या बोअरच्या पाण्यानं खालची काच दुधासारखी पांढरी. त्याला किराणा दुकानातलं लिंबूसत्व लागतं. कोमट पाण्यात विरघळवून फडकं भिजवायचं, दहा मिनिटं काचेवर चिकटवून ठेवायचं, मग घासायचं. जुना थर एका वेळी निघत नाही आणि क्षारांनी काचच खाल्ली असेल तर कधीच निघत नाही, हे गिऱ्हाइकाला आधी सांगायचं. खाली शाहाबादी फरशी असेल तर जुनी चादर अंथरा. शाहाबादी म्हणजे चुनखडीच, आंबटाचा थेंब पडला की तिचा रंग उडतो.

21 मे ला बारावीचा निकाल लागला, 27 ला दहावीचा, आणि 4 जूनला, लोकसभेच्या निकालाच्याच दिवशी, नीटचा. ट्यूशन एरियातली एकही काच मोकळी राहिली नाही. पोरांचे फोटो, मार्क, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्ट्यांवर फ्लेक्स. जुलैत ते उतरवायचं काम निघालं आणि मला पहिल्यांदा एकाच ठिकाणी हजाराच्या वर मिळाले. डिंक आधी खोबरेल तेलानं मऊ करायचा, अर्धा तास थांबायचं, मग साबणपाणी लावून ओल्या काचेवर पातं एकाच दिशेनं ढकलायचं. कोरड्या काचेवर पातं कधीच नाही. सनफिल्म लावलेल्या बाजूला तर पातं पिशवीतून काढायचंच नाही. टफन म्हणजे तापवून कडक केलेल्या काचेवर आधी कोपऱ्यात बघायचं आणि मालकाला तसं सांगून मगच हात घालायचा. रस्त्यावरून जाणारा एक म्हातारा थांबून विचारत होता, "काय करलालाव मावशी? पोरांचे फोटो कशाला काढलालाव?" त्याचा नातू त्यात होता. तो फोटो मी सोडवून त्याला दिला.

उंचीबद्दल माझा नियम साधा आहे, जमिनीवर उभं राहून दांडा पोचेल तिथपर्यंत. शिडीही नाही, कारण सायकलवर शिडी नेता येत नाही आणि दुकानदाराची शिडी कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे. तरी पंतप्रधान सुरक्षा विमा बँकेतून सुरू करून घेतला, वर्षाला वीस रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख.

नांदेड रोडवरच्या एका मोठ्या शोरूमनं महिन्याला बाराशे देऊ केले होते. मोठी रक्कम, पण पाणी घेऊन सायकलवर तिथं जायचं म्हणजे सकाळची दुकानं सुटणार. मी त्यांना सांगितलं, महिन्यातून एकदाच येईन, शेअर रिक्षानं, पाणी तुमच्या आरओचं, आणि रिक्षाचं भाडं वेगळं. तयार झाले. पट्टी, टी-दांडा आणि फडकी खांद्याच्या पिशवीत मावतात, त्यामुळे रिक्षात कुणाची कुरकुर नसते.

पावसाळा वाईट गेला. "पावसानं धुतलीच की काच" हे वाक्य ऐकून कान किटले. खरं तर पावसानंतरच काच जास्त घाण होते, पण ते सप्टेंबरच्या सुरुवातीच्या मोठ्या पावसानंतर चिखलाचे शिंतोडे वाळले तेव्हा लोकांना पटलं. ऑगस्टात हातात जेमतेम चार हजार आले. त्या महिन्यात मी पुन्हा नोकरी विचारून आले होते, एका मंगल कार्यालयात. मग घटस्थापनेच्या आधीपासून फोन सुरू झाले. दसरा ते लक्ष्मीपूजन इतकं काम आलं की गटातल्या एका ताईंना रोजानं सोबत घेतलं. त्या पायीच यायच्या, मी सायकलवर. दोघींचं सामान माझ्या कॅरिअरवर.

डिसेंबरपासून महिन्याला दहा-अकरा हजार पडतात, पाणी, फडकी, पंक्चर वजा जाऊन. क्लासेसना सुट्टी असली की कमी. गटाचं कर्ज फेब्रुवारी 2025 मध्ये फिटलं. त्या ताई आता स्वतःचा संच घेऊन अंबाजोगाई रोडच्या एका पट्ट्यात विचारत फिरतायत. त्यांच्या पॅनवरही माहेरचंच नाव आहे, त्यामुळे त्यांचं उद्यम अजून व्हायचंय, पण काम सुरू आहे.

जिला सुरू करायचंय तिनं आज एवढं करावं : आधार आणि पॅन शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर जुळवून बघावं, आधारला मोबाइल जोडलेला आहे का ते तपासावं. आणि सामान मागवताना रबराच्या दोन जादा पट्ट्या मागवाव्यात. पट्टीची एक कड गेली की उलटी करून दुसरी वापरता येते, ती गेली की मात्र काम थांबतं, आणि ऑनलाइन मागवलेली यायला पाच-सहा दिवस लागतात.